चालायला सोबत

"अहो ताई… तुम्ही रोज आत जाता ना?"

मी दचकून थांबले. पौषातली सकाळ होती, सात वाजायला दहा मिनिटं कमी. धुकं इतकं दाट की दवाखान्याचं फाटकसुद्धा अर्धंच दिसत होतं. फाटकाशी एक राजदूत मोटारसायकल उभी होती आणि तिला टेकून एक तरुण. कानाला मफलर, थंडीने लाल झालेले हात काखेत दाबलेले. त्याच्यापासून चार पावलांवर, बंद चहाच्या टपरीच्या फळीवर एक बाई आमच्याकडे पाठ करून बसली होती. हिरवं लुगडं, वरून जाड शाल.

"जाते," मी म्हटलं. "का?"

"ही माझी माय. दिवाळीत अटॅक येऊन गेला. डॉक्टरांनी इथं चालायला पाठवलंय. धरणगावच्याही पुढे गाव आमचं… पहाटे उठून आणली, आणि आता फाटकातून आत येईना."

"भीती वाटते का त्यांना?"

"भीती नाही." त्याने आवाज खाली घेतला. "आत सगळे पुरुष आहेत म्हणते. पुरुषांत हात हलवत कसं चालायचं…"

ते खरंच होतं. जळगावच्या त्या ट्रस्टच्या दवाखान्यात त्र्याण्णव सालच्या दिवाळीनंतर हा वर्ग सुरू झाला होता. हृदयाचा आजार झालेल्यांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी सातला यायचं, तळमजल्याच्या हॉलमध्ये फेऱ्या मारायच्या, हातपाय हलवायचे, नाडी मोजायची. शिकवायला निंबासर होते, सैन्यातून निवृत्त झालेले कडक मिशीचे गृहस्थ. वर्गात अकरा पुरुष होते… आणि मी.

"मी आहे ना आत," मी म्हटलं.

ती बाई वळली. तिने मला पायाच्या अंगठ्यापासून वेणीपर्यंत नीट पाहून घेतलं.

"तू शे का मझार?"

"आहे."

"रोज?"

"वर्ग असतो त्या दिवशी रोज."

ती उठली. पदर कमरेला खोचला. "मंग चाल. पन ध्यान ठेव, ज्या दिन तू नही उनी, त्या दिन मी बी नही."

धुरपदाबाईंची आणि माझी ओळख ही अशी झाली. तिच्या मुलाची, लीलाधरची, आणि माझीही.

*

लीलाधरला वाटलं, मी तिथं नोकरीला आहे. माझ्या हातात हजेरीचं रजिस्टर असायचं, म्हणून. माझं अक्षर चांगलं होतं, त्यामुळे निंबासरांनी ते मला लिहायला दिलं होतं. पण त्याच रजिस्टरात सातव्या ओळीवर माझंच नाव होतं. सुनंदा, वय बावीस, पिंप्राळा. लहानपणी सांध्यांचा ताप येऊन माझ्या हृदयाची एक झडप आकसली होती. एकोणिसाव्या वर्षी मुंबईला ऑपरेशन झालं. डाव्या छातीखालून पाठीपर्यंत गेलेला व्रण मी कोणाला दाखवत नव्हते, कोणाला सांगतही नव्हते. गल्लीला माहीत होतं ते एवढंच, की मी टायपिंगच्या क्लासला जाते.

"लग्न होईपर्यंत तोंड बंद," दादाने बजावलं होतं. रुपचंददादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, पाईपच्या कारखान्यात कामाला. वडील गेल्यापासून घरात त्याचाच शब्द. तो वाईट नव्हता. त्याला फक्त माझं लग्न व्हायला हवं होतं.

म्हणून लीलाधरचा समज मी खोडला नाही. खरं सांगायचं तर… कोणीतरी मला धडधाकट समजतंय, हे मला आवडलंच.

वर्ग संपला की धुरपदाअक्का पाव तास बाकावर टेकायची. तेवढ्या वेळात तो टपरीवरून तीन चहा आणायचा, बिनसाखरेचे.

"तुम्हाला पगार किती हो, चालायचा?" एकदा त्याने विचारलं.

"का? नोकरी हवीय?"

"माझी माय तीस वर्षं कपाशीत चालली, तिला कोणी काही दिलं नाही. तुमचं मात्र बरं आहे."

"मी चालतेच तशी छान."

"ते दिसतंच," तो म्हणाला, आणि लगेच पेल्यात बघायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. त्या दिवशी थंडी तर मुळीच नव्हती.

अक्काला नाडी मोजायला मी शिकवलं. तिला शंभरापर्यंत आकडे येत नसत, ती विसांनी मोजायची. मनगटावर बोट ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाचा लाल काटा एक फेरी पुरी करेपर्यंत ओठ हलवत राहायची, आणि मग सांगायची, "चार विसा आन दोन." मी रजिस्टरात ब्याऐंशी लिहायचे. लीलाधरने तिला कापडी बूट आणले होते. ते ती हॉलच्या दाराशी येऊन घालायची आणि निघताना पिशवीत लपवायची. लुगड्याखाली बूट गावाने पाहिले तर वर्षभर हसतील म्हणायची.

पण वर्ग हळूहळू गळायला लागला. कोण का आलं नाही ते निंबासर मला लिहून ठेवायला लावत. भडगावकडच्या एका आबांची पहिली एसटीच आठला जळगावात यायची, वर्ग तोवर संपत आलेला. एका मास्तरांच्या बायकोने त्यांना खाटेवरून उतरूच दिलं नाही. चालल्याने काळीज फाटतं, असं तिला कोणी सांगितलं होतं. डाळ मिलमधल्या एकाला मालक आठवड्यातून तीनदा उशिरा येऊ देईना. आणि वना नाना म्हणून होते, ते म्हणाले, "दिवसभर शेतात चालतोच की, आणखी चालायला जळगावला कशाला येऊ?" महिन्याभरात ते शेताच्या बांधावरच गेले. मी त्यांच्या नावापुढे काय लिहायचं ते सरांना विचारलं. सरांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "काही लिहू नको."

*

मार्चमध्ये तळमजल्याचा हॉल दुसऱ्या कामाला लागला आणि आमचा वर्ग गच्चीवर गेला. तीन मजले वर. लिफ्ट होती, पण ती स्ट्रेचरसाठी, कुलपात. हृदयाच्या रोग्यांना तीन जिने चढून व्यायामाला जायचं होतं. निंबासरांनी भांडून पाहिलं, कोणी ऐकलं नाही. तेव्हा त्यांनी खडूने प्रत्येक वळणावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, 'थांबा. दम घ्या.' त्या आठवड्यात चार जण यायचे बंद झाले.

पहिल्या दिवशी अक्का सरांबरोबर हळूहळू वर गेली. मी मागे राहिले. पहिल्या जिन्याच्या टोकाशी श्वास पुरेना. कठडा धरून उभी राहिले, तर खालून लीलाधर येत होता. त्याच्या हातात रजिस्टर होतं. मी ते बाकावर विसरले होते, आणि त्याने ते उघडलं होतं. सातव्या ओळीवर त्याचं बोट अजून तसंच होतं.

तो माझ्यापुढे दोन पायऱ्या चढला… आणि खाली वाकला.

"काय झालं?"

"नाडी सुटली बुटाची. जरा थांबा हं, बांधतो."

तो बराच वेळ बांधत होता. माझा श्वास जागेवर आला तेव्हाच उठला. पुढच्या वळणावर पुन्हा वाकला. तिसऱ्याही. गच्चीवर पोचल्यावर उन्हात मी त्याच्या पायांकडे पाहिलं.

त्याच्या पायात चपला होत्या.

मला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळे भरून आले. तोंड फिरवून मी भलतीकडेच बघत राहिले.

नंतरचे पंधरा दिवस तो रोज नाड्या बांधत वर आला. एका शुक्रवारी अक्का फेऱ्या मारत होती आणि आम्ही पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभे होतो. खाली गावभर ऊन पसरलेलं, वारा तेवढा गार.

"तुम्ही मला सांगितलं नाही," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर?"

"तर पगारावरून चेष्टा केली नसती."

"आणि… आणखी काय केलं नसतं?"

त्याने विचार केल्यासारखं केलं. "बाकी सगळं केलं असतं."

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. टाकीतलं पाणी कुठूनतरी ठिबकत होतं.

"सुनंदा, मी मायशी बोलू?" नुसत्या नावाने त्याने पहिल्यांदाच हाक मारली.

"आधी मला विचारायचं असतं."

"विचारतोय ना."

"मला तीन जिने चढताना तीनदा थांबावं लागतं, लीलाधर. जन्मभर थांबावं लागेल."

"मलाही नाड्या बांधायला वेळ लागतोच," तो म्हणाला.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पण त्या दिवशी पिंप्राळ्यापर्यंत मी रिक्षा न करता पायी गेले, आणि एकदाही दम लागला नाही.

*

सोमवारी अक्का आली नाही. बुधवारीही नाही. शुक्रवारी लीलाधर एकटाच आला. दाढी वाढलेली, डोळे जागरणाचे.

"माय नाही म्हणते," तो म्हणाला. "तुझं नाव काढलं तर जेवत नाही. आणि इथं यायचंही बंद केलंय."

"माझ्यामुळे?"

"ती काही बोलतच नाही. नुसती बसून असते. परवा पाय सुजले होते."

वर्गात यायला तिला मीच हवी होते, आणि आता माझ्यामुळेच ती येत नव्हती. लग्न होवो न होवो… पण तिचं चालणं थांबलं तर ती किती दिवस काढेल, ते मला माहीत होतं. वना नानांच्या नावापुढची कोरी जागा माझ्याच हातातल्या रजिस्टरात होती.

"मी भेटते त्यांना," मी म्हटलं. "तुम्ही बरोबर यायचं नाही."

आईला खोटं सांगून मी धरणगावची एसटी पकडली. तिथून पुढे एका टेम्पोत बसून गाव गाठलं. मातीच्या सपाट छताचं धाब्याचं घर, पुढे अंगण, ओट्यावर अक्का तुरी पाखडत बसलेली. मला बघून तिचं सूप थांबलं. ती रागावली नाही. आत गेली, पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्यापुढे ठेवला.

"उन्हामा कशाले उनी? तुले सोसत नही."

"तुम्हाला माहीत होतं, अक्का? माझ्या आजाराचं?"

"पहिल्याच दिनले. तुना श्वास मी वयखा. तसा श्वास मना घरमा व्हता."

माझा श्वास तिने कशावरून ओळखला, ते मग ती सांगायला लागली. मध्ये मध्ये थांबत, जमिनीकडे बघत. तिला लीलाधरच्या आधीची एक मुलगी होती, बेबा. लहानपणी तिला सांध्यांचा ताप आला होता. अमळनेरच्या एका डॉक्टरने नळी लावून पाहिली आणि म्हणाला, पोरीच्या छातीत आवाज आहे, मोठ्या डॉक्टरला दाखवा. अक्काने दाखवलं नाही. कोणाला सांगितलंही नाही.

"लगीन मोडी म्हनीसन," ती म्हणाली. "सोनगीरले दिन्ही. चांगलं घर व्हतं. सातवा महिना लागना आन तिले श्वास लागना. सासू म्हने, पहिलटकरीन शे, नखरा करस. त्यासनी काय चूक? त्यासले कोनी सांगंच नव्हतं… जीपमा घालीसन धुळाले ली जाई राहिंथात. रस्तामाच गयी."

सूप तिच्या मांडीवरून घसरलं. तुरी ओट्यावर सांडल्या. आम्ही दोघीही त्या वेचायला वाकलो नाही.

"मनी एक पोर मी मारी टाकी, सुनंदा. दुसरी मना हाते नको."

मला वाटलं होतं, ती मला खोट असलेली मुलगी समजून नाकारतेय. तसं असतं तर मला राग तरी धरता आला असता.

"अक्का," मी म्हटलं, "मी लग्नाचं बोलायला आलेच नाही. तुम्ही चालायला या. मी लीलाधरशी बोलणार नाही, शब्द देते. त्यांनी तुम्हाला फाटकाशी सोडावं आणि बाहेरच थांबावं. पण तुम्ही या. मलाही तिथं दुसरी बाई नाही."

तिने माझा हात हातात घेतला. दोन बोटं मनगटावर ठेवली, मी शिकवलं होतं तशी, आणि ओठ हलवत मोजत राहिली. तिथं घड्याळ नव्हतं.

"लई जोरमा चाली राहिनी," ती म्हणाली. "जाय आते घर. सोमवारले येसू."

*

दिल्या शब्दाप्रमाणे मी त्याच्याशी बोलले नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, राजदूत फाटकाशी यायची, अक्का उतरायची, आणि तो खालीच थांबायचा. गच्चीच्या कठड्यापाशी आमची फेरी वळायची. तिथून तो दिसायचा… मान वर करून उभा. एका फेरीला एकदा, अशा बारा फेऱ्या. अक्का माझ्या शेजारीच असायची. कठडा जवळ आला की ती मुद्दाम दुसरीकडे तोंड करायची. एवढं ती मला देत होती.

वैशाखात दादाने धुळ्याचं स्थळ आणलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं. बैठकीत मुलाचे वडील, मामा, दोन बायका बसल्या होत्या. पोह्यांच्या ताटल्या हातात होत्या. मला बसायला पाट मांडला होता. मुलाच्या आईने विचारलं, "स्वैपाक, शिवण सगळं येतं ना?"

"येतं," मी म्हटलं. "पण माझं हृदयाचं ऑपरेशन झालंय. मूल होण्यात जिवाला धोका आहे, असं डॉक्टर म्हणाले आहेत. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते."

माझा आवाज कापला नाही, याचं मलाच नवल वाटलं. डोळ्यांपुढे धुळ्याच्या रस्त्यावरची एक जीप होती. मंडळी अर्धे पोहे ठेवून उठली. दादा त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडून आला, दाराशी चपला काढल्या, आणि माझ्याकडे न बघता आत गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. आठवड्यात सगळ्या गल्लीला कळलं. नळावरच्या बायका मला कळशी उचलू देईनात. कोणी दयेने, कोणी आपल्या पोरी माझ्यापासून दूर राहाव्यात म्हणून. मला मात्र प्रथमच छातीवरचं काहीतरी खाली ठेवल्यासारखं झालं होतं.

आणि जूनमध्ये वर्ग बंद झाला.

पेरण्या तोंडावर आल्या होत्या, खेड्यांतले होते तेवढेही गेले. शेवटच्या सोमवारी आम्ही तिघंच होतो. मी, अक्का आणि एक निवृत्त पोस्टमन. बुधवारी गच्चीच्या दाराला कुलूप होतं आणि त्यावर कागद. प्रतिसादाअभावी वर्ग बंद करण्यात येत आहे. निंबासर जिन्यात बसले होते. त्यांनी रजिस्टर माझ्या हातातून घेतलं.

"प्रतिसाद," ते म्हणाले. "तीन जिने चढून माणसं येत होती, तो प्रतिसाद नव्हता होय?"

अक्काने पिशवीतून बूट काढलेच नव्हते. ती ते तसेच छातीशी धरून खाली उतरली. फाटकाशी तिने मला जवळ घेतलं. लीलाधर राजदूतच्या पलीकडे उभा होता. त्याच्याकडे बघायचा मला हक्क नव्हता, तरी पाहिलं. त्याने मान खाली घातली.

*

पुढे काय झालं ते मला नंतर कळलं. अक्काने गावात चालायचा प्रयत्न केला. पण गावच्या रस्त्याने बाई काम नसताना चालत नाही. जो तो विचारी, कोठे चालनी व? तेव्हा ती हातात विळा घेऊन निघायला लागली, गवताला चालल्यासारखी. थोडे दिवस ते निभावलं. मग पाऊस लागला, चिखल झाला, निंदणीचे दिवस आले. घरात काम करायला सून नाही, आणि म्हातारी विळा घेऊन नुसती फिरते काय, असं शेजारची वच्छलाबाई तोंडावर बोलली. दुसऱ्या दिवसापासून अक्का घराबाहेर पडली नाही.

भाद्रपदात तिला दुसरा अटॅक आला.

लीलाधरचा निरोप आला तेव्हा दुपार होती. मी आईला खरं सांगून निघाले. दवाखाना तोच, पण आता तळमजल्याचा वॉर्ड. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. अक्का उशीला टेकून बसली होती, नाकात नळी, चेहरा राखेच्या रंगाचा. लीलाधर पायथ्याशी उभा. पाच महिन्यांनी आम्ही एका खोलीत आलो होतो आणि दोघांनाही कुठं बघावं ते कळत नव्हतं.

"बठ," अक्का मला म्हणाली. मग त्याला, "तू बी बठ. आठे, तिनाजोडे."

तो स्टूल ओढून माझ्या शेजारी बसला.

"धुळावालासले तू सांगी दिन्हं म्हने?" तिने मला विचारलं. भेटायला आलेल्या निंबासरांकडून तिला कळलं होतं. मी मान हलवली.

"मी नही सांगी शकनू," ती म्हणाली. "तुनामा ती धमक शे." दम घ्यायला ती थांबली. मग लीलाधरकडे वळली. "हाई पोर तुले पाहिजे ना?"

"माय, तू आता बोलू नको…"

"पाहिजे का नही?"

"पाहिजे."

"मंग ऐक. पोर नको व्हऊ देजो. एकबी नको. गाव वांझोटी म्हनी, भाऊबंद दुसरी करी ले म्हनतीन. ऐकानं नही. माले नातू नको. मना वंश बुडना तरी चाली." तिचे ओठ निळे पडत होते, पण डोळे त्याच्यावरून हलले नाहीत. "हाई जगनी पाहिजे. मनी शपथ शे तुले."

खेड्यातली साठीची बाई, एकुलत्या मुलाची आई. तिने काय सोडून दिलं ते त्या वॉर्डात आम्हा तिघांनाच कळत होतं. लीलाधरने तिच्या पावलांवर डोकं टेकलं. त्याची पाठ हलत होती. मी तिचा हात धरला. तिला नाडी मोजून हवी होती की काय, कोण जाणे, तिने तळवा वर केला. मी बोटं ठेवली. नाडी धागा तुटावा तशी मध्येच हरवत होती.

"कितला?" तिने विचारलं.

"चार विसा," मी म्हटलं. खोटं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

*

महिना उलटल्यावर लीलाधर पिंप्राळ्याला आमच्या घरी आला. डोक्यावर केस नुकते उगवायला लागलेले. भर सकाळी, सगळ्या गल्लीदेखत त्याने राजदूत दारात लावली. दादा कामावर निघायच्या तयारीत होता. आईने सतरंजी टाकली. मी आतल्या दाराशी उभी राहिले.

"मी सुनंदाला मागणी घालायला आलोय," तो दादाला म्हणाला. "माझ्या घरी आता कोणी मोठं माणूस नाही, म्हणून एकटाच आलो. मायने जाताना हो म्हटलंय. तिचा आजार मला सगळा माहीत आहे. आम्हाला मूल होणार नाही, हेही आत्ताच सांगतो. उद्या कोणी लपवलं म्हणू नये."

दादाने डब्याची पिशवी खाली ठेवली.

"त्यासाठी ऑपरेशन करावं लागेल, ते मी करून घेईन. तिच्या अंगावर एक झालंय, तेवढं पुरे."

आईने पदर तोंडाला लावला. दादा सतरंजीच्या रेषांकडे बघत होता. वैशाखापासून तो माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. मला वाटलं, आता तो उठेल आणि चपला घालून निघून जाईल.

"दर एकवीस दिवसांनी तिला इंजेक्शन असतं," दादा म्हणाला. "सांध्यांचा ताप पुन्हा उलटू नये म्हणून. फार दुखतं ते. दोन दिवस पाय टेकवत नाही. मी तिला सायकलवर नेतो. तीन वर्षांत एकही चुकू दिलेलं नाही. बोलणं बंद होतं तेव्हासुद्धा नाही." तो थांबला. "खेड्यात पूर येईल, गाडी बंद पडेल, कामाचे दिवस असतील. तू विसरशील."

"पुढचं कधी आहे?" लीलाधरने विचारलं.

"मंगळवारी."

"किती वाजता?"

दादाने पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग आत वळून, माझ्याकडे बघत, पाच महिन्यांनी माझ्याशी बोलला.

"सुनंदा, चहा टाक. पाहुण्यांना साखर किती लागते ते विचार."